ज्यू शेजाऱ्यांच्या घरी दुखवट्याला जाताना

मी अकरावीत असताना आमच्या ठाण्याच्या इमारतीतले समोरचे काका वारले. ते कुटुंब बेने इस्रायल, म्हणजे कोकणातलं, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारं ज्यू कुटुंब. आई पिठलं-भाताचं पातेलं घेऊन निघाली आणि मी निशिगंधाचा हार. हार कुठे घालायचा म्हणून मी फोटो शोधत राहिले. भिंतीवर फोटो नव्हता, आरसा चादरीने झाकलेला होता आणि काकू जमिनीवरच्या चटईवर गप्प बसल्या होत्या. त्यांच्या नात्यातल्या एका बाईंनी माझ्या हातातला हार अलगद घेतला आणि मागे गॅलरीत नेऊन ठेवला. मला कुणी काही म्हणालं नाही. तो हार तिथे का चालत नव्हता, हे काकूंच्या मुलीने, म्हणजे ताईने, मला कितीतरी वर्षांनी सांगितलं.

ज्यांना अशा घरी पहिल्यांदाच जायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मुंबई, ठाणे, पुणे, पनवेल, अलिबाग, रेवदंडा या भागांत अजून बेने इस्रायल कुटुंबं आहेत. त्यांची आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर अशी गावांवरून पडलेली, त्यामुळे नुसत्या आडनावावरून आपल्याला पत्ताही लागत नाही. तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या या लोकांना कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणत. घरात भाषा आपलीच, जेवणात नारळ आणि मासे आपलेच. मग माणूस गेल्यावर करायच्या गोष्टीही आपल्यासारख्याच असतील असं आपण गृहीत धरतो आणि तिथेच गोंधळ होतो.

आधी दिवस मोजा

ज्यू लोकांत दफन करतात आणि शक्य तितक्या लवकर करतात, जमलं तर त्याच दिवशी. शनिवारी दफन होत नाही. बातमी आपल्यापर्यंत पोचते तेव्हा बहुतेक वेळा सगळं उरकलेलं असतं. अंत्ययात्रेला जाता आलं नाही म्हणून खंत करत बसू नका, कारण घरी भेटायला जाण्याचे दिवस त्यानंतरच सुरू होतात.

दफनापासून सात दिवस घरचे लोक घरातच बसतात. त्याला ‘शिवा’ म्हणतात. हा हिब्रू शब्द आहे आणि त्याचा अर्थ ‘सात’. आपल्या शिवशंकराशी त्याचा काही संबंध नाही. योसेफाने वडिलांसाठी सात दिवस शोक केला, असं तोराच्या, म्हणजे त्यांच्या मुख्य धर्मग्रंथाच्या, पहिल्या भागात आहे. तेव्हापासून हा आकडा चालत आला आहे.

मोजणी मात्र आपल्या दहाव्या-तेराव्यासारखी मृत्यूच्या दिवसापासून करू नका, दफनाच्या दिवसापासून करा. त्यांचा दिवस सूर्यास्ताला संपतो आणि नवा सुरू होतो. समजा मंगळवारी दुपारी दफन झालं. मंगळवार हा पहिला दिवस. सातवा दिवस सोमवार, पण सातव्या दिवसाचा थोडा भाग पूर्ण दिवस धरतात, म्हणून सोमवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर शिवा उठते. सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून परस्पर जाऊ, असं ठरवलंत तर तोपर्यंत सगळं संपलेलं असेल.

मधला शब्बाथ सात दिवसांत धरला जातो, पण त्या दिवशी उघड शोक पाळत नाहीत. शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंतचा वेळ. तेव्हा भेटायला जायचं नाही. फोनही करू नका, कारण कडक पाळणारे लोक त्या वेळात फोन उचलत नाहीत. वरच्या उदाहरणात तुमच्याकडे बुधवार, गुरुवार, शुक्रवारी दुपारपर्यंत, शनिवारी रात्री आणि रविवार एवढा वेळ आहे. मला विचाराल तर बुधवार-गुरुवार बरा. पहिल्या दिवशी जवळच्या नातेवाइकांनाच त्यांच्यापाशी राहू द्यावं. आणि शेवटच्या दिवसांत गर्दी होते, कारण सगळ्यांना तेव्हाच आठवण होते.

एक अपवाद माहीत हवा. रोश हशाना, योम किप्पूर, सुक्कोथ, पेसाह किंवा शाबुओथ यांपैकी मोठा सण मध्ये आला तर शिवा तिथेच संपते, मग दोनच दिवस झालेले असले तरी. दफन सणाच्या मधल्या दिवसांत झालं असेल, तर शिवा सण आटोपल्यावर सुरू होते. सप्टेंबर-ऑक्टोबर, मार्च-एप्रिल आणि मे-जूनमध्ये त्यामुळे आधी विचारून घेतलेलं बरं.

कुणाला विचारायचं

शोकात बसलेल्या माणसाला फोन करून ‘कधी येऊ?’ विचारू नका. पुतण्या, जावई, शेजारी, सिनेगॉगमधलं, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळातलं, कुणी ओळखीचं, अशा माणसाला गाठा. शिवा नियमाने पाळायची ती सात नात्यांनी: आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण आणि पती किंवा पत्नी. सून, नातू, मेव्हणा हे दुःखात असले तरी नियमाने बसलेले नसतात, त्यामुळे घराची व्यवस्था तेच बघत असतात. त्यांना तीन गोष्टी विचारा: शिवा कुठल्या घरी आहे, प्रार्थना किती वाजता असते, आणि खाण्याचं काही आणलं तर चालेल का.

शिवा कुठल्या घरी, हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. बहुतेक कुटुंबांतलं कुणी ना कुणी इस्रायलला स्थायिक झालेलं असतं. अश्दोद, लोद, दिमोना, बीरशेबा या गावांत मराठी बोलणारे ज्यू आहेत. त्यामुळे आई ठाण्यात गेली तरी एक मुलगा इथे बसलेला असतो आणि दुसरा तिकडे. तिकडच्याला तुम्ही ओळखत असाल तर त्यालाही फोन करा. दूर बसून शिवा पाळणारा माणूस फार एकटा पडतो.

काय न्यायचं

फुलं नकोत. हार, गुच्छ, उदबत्ती यांपैकी काहीच नको. ज्यू परंपरेत मृताला फुलं वाहत नाहीत. कबरीवरसुद्धा भेटायला गेलेला माणूस लहानसा दगड ठेवून येतो.

खाण्याबाबत मात्र आपली रीत आणि त्यांची रीत फार जवळ आहे. माणूस गेला की घरात चूल पेटवायची नाही आणि शेजाऱ्यांनी कडू घास न्यायचा, हे आपल्याला माहीत आहे. त्यांच्यातही दफनाहून परतल्यावरचं पहिलं जेवण घरच्यांनी स्वतःच्या अन्नातलं खायचं नसतं, ते शेजाऱ्यांनी द्यायचं असतं. त्यात उकडलेली अंडी किंवा मसूर असतात. दोन्ही गोल, आयुष्याच्या चाकासारखी. पण मसुराबद्दल तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या चर्चेच्या जुन्या ग्रंथात, आणखी एक कारण दिलं आहे आणि ते मला विसरता येत नाही. मसुराला तोंड नसतं, तसं शोक करणाऱ्यालाही तोंड नसतं. चवळीला असतो तसा डोळा किंवा खाच मसुरावर दिसत नाही, तो सगळीकडून बंद असतो. घरात बसलेल्या माणसाची अवस्था तशी असते, एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचे बरेच नियम पाठ करावे लागणार नाहीत.

आता प्रत्यक्षात काय न्यायचं ते. घरी शिजवलेलं मांस, मासे किंवा अंडी नेऊ नका. मांस कोशेर, म्हणजे त्यांच्या धर्मनियमांना धरून, पद्धतीने कापलेलं लागतं, मासा पंख आणि खवले असलेलाच चालतो, आणि मांस व दूध एका जेवणात येत नाही. बेने इस्रायल स्वयंपाकात मटणाला नारळाचं दूध घालतात ते याच कारणाने. अनेक घरांत आपल्याकडचं साधं शाकाहारी जेवण आनंदाने घेतात. पण काही घरांत भांडंसुद्धा कोशेर लागतं, तिथे आपलं पातेलं तसंच पडून राहतं आणि परत देताना त्यांना अवघडल्यासारखं होतं. म्हणून आधी विचारा. विचारायला कुणी सापडलं नाही तर न चिरलेली फळं न्या.

फळं उपयोगीही पडतात. सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालमधल्या ज्यूंची, परंपरा पाळणाऱ्या घरांत, आणि बेने इस्रायल प्रार्थनेत तीच परंपरा पाळतात, दुखवट्याला जमलेल्यांनी वेगवेगळ्या पदार्थांवर आशीर्वचन म्हणून ते थोडं थोडं खाण्याची पद्धत आहे. गेलेल्या माणसाच्या आत्म्यासाठी ते पुण्याचं मानतात. झाडाच्या फळाचं आशीर्वचन वेगळं, जमिनीतून येणाऱ्याचं वेगळं. केळं जमिनीतल्यात मोडतं, कारण केळीला ते झाड धरत नाहीत. त्यामुळे सफरचंदं किंवा चिकू आणि जोडीला केळी नेलीत तर दोन्ही गोष्टी साधतात. तुमच्यासमोर ताटली आली तर नाही म्हणू नका. फक्त त्यांचं म्हणून होईपर्यंत थांबा.

पैशाचं पाकीट हातात ठेवू नका. गेलेल्या माणसाच्या नावाने दान द्यायचं असेल तर सिनेगॉगला किंवा त्या माणसाला जिव्हाळ्याच्या वाटणाऱ्या एखाद्या कामाला द्या. आपण 51, 101 देतो, तसे ज्यू लोक 18 च्या पटीत देतात. हिब्रूत अक्षरांना आकड्यांची किंमत असते आणि ‘जिवंत’ या अर्थाच्या ‘खाय’ शब्दातल्या अक्षरांची बेरीज 18 होते.

पण सगळ्यांत मोलाची वस्तू बाजारात मिळत नाही. गेलेल्या माणसाचा तुमच्याकडे असलेला एखादा जुना फोटो शोधा, गणपतीत सोसायटीच्या मांडवात काढलेला किंवा ऑफिसच्या सहलीतला, घरच्यांनी कधीच न पाहिलेला. त्याची प्रत काढून पिशवीत ठेवा. लगेच बाहेर काढू नका, त्याची वेळ पुढे येते.

दारात

साधे, अंगभर कपडे घाला. पांढरेच हवेत असं नाही. पुरुषांनी खिशात टोपी किंवा मोठा रुमाल ठेवावा, कारण प्रार्थना सुरू झाली तर डोकं झाकावं लागतं. घरात किप्पा, म्हणजे छोटी गोल टोपी, देतातही, पण गर्दीत पुरतीलच असं नाही.

दार बहुतेक लोटलेलं असतं. बेल वाजवू नका, हळूच ढकलून आत जा. बेल वाजली की घरच्या माणसाला यजमान म्हणून उठावंसं वाटतं आणि या सात दिवसांत त्यांनी यजमान व्हायचं नसतं. चौकटीवर उजव्या हाताला लावलेली एक छोटी डबी दिसेल. ती मेझुझा, तिच्या आत तोरातलं वचन लिहिलेली चर्मपत्राची गुंडाळी असते. घरचे लोक येता-जाता तिला हात लावून बोटांचं चुंबन घेतात. आपण तसं केलं नाही तर काही बिघडत नाही.

तुम्ही थेट दफनभूमीवरून येत असाल तर दाराबाहेर पाण्याचं तांब्या-भांडं ठेवलेलं असेल, तिथे हात धुऊन आत जा. नुसतं भेटायला आला असाल तर त्याची गरज नाही. आणि भेटून घरी गेल्यावर अंघोळ करायची का, हा प्रश्न आपल्याकडे हमखास निघतो. त्यांच्यात शेजाऱ्या-पाजाऱ्यांना लागणारं सुतक नाही. तुम्ही तुमच्या घरची रीत पाळलीत तर तो तुमचा प्रश्न, पण त्यांच्यासमोर तो विषय काढू नका.

आत काय दिसेल

हे आधीच सांगते, म्हणजे तुमची नजर तिथे अडकणार नाही. आरसे झाकलेले असतील. एक दिवा किंवा मोठी मेणबत्ती सात दिवस जळत असेल. ती फुंकायची नाही, विझलीशी वाटली तर घरच्या कुणाला तरी सांगायचं. पुरुषांच्या दाढ्या वाढलेल्या असतील. पायात चामड्याचं काही नसेल. आणि शोकात बसलेल्या माणसाच्या अंगावरचा शर्ट किंवा ब्लाउज गळ्यापाशी फाटलेला असेल. आई-वडिलांसाठी डाव्या बाजूला, हृदयावर, आणि इतरांसाठी उजव्या बाजूला तो मुद्दाम फाडलेला असतो. काकूंच्या घरी मी तो पाहिला आणि मला वाटलं, या बाईंना दुःखात कपड्यांचं भान उरलं नाही. मी त्यांच्या खांद्यावर पदर सारखा करायला हात पुढे केला होता. तसं करू नका.

ते जमिनीवर किंवा अगदी बुटक्या स्टुलावर बसलेले असतील आणि तुम्हाला खुर्ची देतील. साठीच्या काकू खाली आणि आपण वर, हे आपल्या संस्कारात बसत नाही. आपण पटकन म्हणतो, ‘अहो, तुम्ही वर बसा ना.’ म्हणू नका. खाली बसणं हाच त्यांचा शोक आहे. दिलेल्या खुर्चीत बसा, अवघड वाटत असेल तर बाजूला जमिनीवर बसा. फक्त त्यांच्यासाठी ठेवलेल्या स्टुलावर बसू नका.

‘नमस्कार’, ‘कसे आहात’, ‘शालोम’ यातलं काहीही म्हणायचं नाही. या घरात अभिवादन करत नाहीत. मान लववा आणि बसा. स्त्री-पुरुषांनी एकमेकांना हात लावणं कडक पाळणाऱ्या घरांत टाळतात, तेव्हा खांद्यावर हात ठेवायचा तो बाईने बाईच्या आणि पुरुषाने पुरुषाच्या.

आता गप्प बसा

या सगळ्यातलं अवघड काम हेच आहे आणि माझ्या मते खरं कामही हेच.

आपण दुखवट्याला जातो ते बोलायला. आत शिरता शिरता आपला पहिला प्रश्न असतो, ‘कसं काय झालं हो अचानक?’ मग घरातला माणूस सकाळपासूनची तीच हकिगत विसाव्यांदा सांगतो: किती वाजता छातीत दुखलं, रिक्षा कधी मिळाली, डॉक्टर काय म्हणाले. ज्यू परंपरेत हा प्रश्न विचारायला मनाई आहे म्हटलं तरी चालेल, कारण आलेल्या माणसाने आधी बोलायचंच नसतं. शोकात बसलेला माणूस तोंड उघडेपर्यंत सांत्वनाला आलेल्यांनी बोलू नये, असं तालमूद सांगतं. त्याचा आधार बायबलमधल्या ईयोबाच्या गोष्टीत आहे. ईयोबाची मुलंबाळं गेली, अंगाला फोड आले, तेव्हा त्याचे तीन मित्र दुरून आले आणि सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले. कुणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. पुढे ते बोलायला लागले, त्याच्यावर हे का ओढवलं याची कारणं देऊ लागले आणि सगळं बिघडलं. तोवर त्यांचं बरोबर चाललं होतं.

म्हणून बसा. पाच मिनिटं जातील. फार लांब वाटतील. पंख्याचा आवाज ऐकू येईल. मोबाइल काढू नका, शेजारच्या पाहुण्याशी ट्रॅफिकच्या गप्पा मारू नका. तुम्ही आला आहात हे त्या माणसाने पाहिलेलं असतं, तेवढ्याने तुमचं अर्धं काम झालेलं असतं.

मग तो बोलतो. कधी गेलेल्या माणसाबद्दल, कधी क्रिकेटबद्दल, कधी ‘तुमच्याकडे पाणी आलं का आज?’ असंही. तो जे काढेल त्याच विषयावर राहा. तो हसला तर हसा. रडला तर ‘रडू नका’ म्हणू नका. रडण्यासाठीच हे सात दिवस दिलेले आहेत. गेलेल्या माणसाचं नाव निघालं की मग तुमची पाळी. तुमच्याकडची आठवण सांगा, आणि ती नेमकी सांगा. ‘फार चांगले होते’ हे सगळेच म्हणतात. त्यापेक्षा ‘दहावीला काकांनी मला महिनाभर रोज सकाळी गणित शिकवलं आणि एक पैसा घेतला नाही’, हे त्यांच्या मुलीला कदाचित माहीतही नसेल. फोटो काढायची वेळ हीच.

काही वाक्यं आपल्या तोंडात बसलेली आहेत, ती दाराबाहेर ठेवून जा. ‘सुटले बिचारे.’ ‘देवाला प्रिय झाले.’ ‘वय झालंच होतं.’ ‘निदान हाल तरी झाले नाहीत.’ ही वाक्यं आपण आपल्या समाधानासाठी म्हणतो. मोक्ष, पुनर्जन्म, कैलासवासी हे शब्दही तिथे नकोत. ‘काही लागलं तर सांगा’ यापेक्षा ‘उद्या सकाळी दूध मी आणून ठेवते’ म्हणा, आणि ठेवा.

काहीच सुचलं नाही तर ‘मला फार वाईट वाटलं’ एवढं पुरे आहे.

प्रार्थना सुरू झाली तर

शिवाच्या घरी रोज प्रार्थना होते. संध्याकाळी गेलात तर बहुधा तुमच्यासमोरच होईल. पारंपरिक रीतीने त्यासाठी 13 वर्षांवरचे दहा ज्यू पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. परदेशातल्या उदारमतवादी पंथांत बायकांनाही त्या दहांत धरतात. ते दहा पूर्ण झाल्याशिवाय मुलाला कद्दीश, म्हणजे गेलेल्यासाठी म्हणायची प्रार्थना, म्हणता येत नाही. अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूला, जिथे बहुतेक घरं इस्रायलला किंवा मुंबईला गेली आहेत, तिथे दहा माणसं जमवणं हीच मोठी काळजी असते. आपण त्या दहांत मोजले जात नाही, पण मुंबईहून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना पनवेलहून गाडीने आणायचं काम आपण करू शकतो. ती मदत कुठल्याही डब्यापेक्षा मोठी आहे.

प्रार्थनेच्या वेळी उठून जायची गरज नाही. डोकं झाका, लोक उभे राहिले की उभे राहा, बसले की बसा, मोबाइल बंद ठेवा, चित्रीकरण करू नका. कद्दीश अरामाईक भाषेत आहे आणि त्यात मृत्यूचा उल्लेख एकदाही येत नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत देवाची स्तुती आहे. मधे मधे सगळे ‘आमेन’ म्हणतात, तुम्हाला म्हणावंसं वाटलं तर म्हणा. नंतर ‘हश्काबा’ होते, म्हणजे गेलेल्याच्या नावाने शांतीची प्रार्थना. त्यात त्या माणसाचं नाव ऐकू येतं तेव्हा खोलीत जी शांतता होते ती आपल्यालाही कळते, भाषा आली नाही तरी.

निघताना

वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. शोकात बसलेल्याने मान हलवून ‘पुरे’ असं सुचवलं की पाहुण्यांनी तिथे थांबू नये, असा जुना नियमच आहे. थकलेला माणूस तसं तोंडाने म्हणत नाही, तेव्हा आपणच ओळखावं.

आपल्याकडे दुखवट्याच्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत. त्यांच्याकडे निघताना म्हणायचं वाक्य ठरलेलं आहे. सेफार्दी घरांत म्हणतात, ‘मिन हाशामायिम तेनुखामू’, म्हणजे वरून, स्वर्गातून तुम्हाला सांत्वन मिळो. मध्य आणि पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंच्या घरी, म्हणजे अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये तुमच्या सहकाऱ्याकडे गेलात तर, बहुधा मोठं वाक्य ऐकू येईल: ‘हामाकोम येनाखेम एत्खेम बेतोख शेआर आवेले त्सियोन वीरुशालायिम.’ त्सियोन आणि यरुशलेमच्या इतर शोक करणाऱ्यांबरोबर देव तुमचं सांत्वन करो, असा त्याचा अर्थ. त्यात देवाला ‘हामाकोम’ म्हटलं आहे. या शब्दाचा साधा अर्थ ‘जागा’. एक माणूस उठून गेला आणि जागा रिकामी झाली, त्या घरात देवाचं हेच नाव घ्यावं याचा मी पुष्कळदा विचार करते.

हिब्रू जमत नसेल तर मराठीत म्हणा, ‘देव तुम्हाला बळ देवो.’ बेने इस्रायल घरात मराठीच जास्त जवळची वाटते. मग उठा आणि जा. ते दारापर्यंत पोचवायला येणार नाहीत, ते सात दिवस कुणालाच पोचवत नाहीत.

सहकारी परदेशातला असेल तर

पद्धत बहुतेक हीच, फक्त थोडे फरक आहेत. घरचे लोक भेटायच्या वेळा कळवतात, त्या वेळा सोडून जाऊ नका. काही उदारमतवादी कुटुंबं सातऐवजी तीनच दिवस बसतात. लांबून निरोप पाठवायचा असेल तर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि हात जोडलेलं चित्र यापेक्षा दोन ओळी स्वतःच्या लिहा. गेलेल्या पुरुषाच्या नावापुढे ‘झिख्रोनो लिव्राखा’ आणि स्त्रीच्या नावापुढे ‘झिख्रोना लिव्राखा’ लिहितात. त्यांची आठवण आशीर्वाद ठरो, असा त्याचा अर्थ. दोन्हींत गल्लत करू नका.

सात दिवसांनंतर

शिवा उठली म्हणजे शोक संपला असं नाही. दफनापासून 30 दिवसांपर्यंत ‘श्लोशिम’ चालू असतं. आई किंवा वडील गेले असतील तर बारा महिने वाजंत्रीच्या, आनंदाच्या समारंभांना जात नाहीत. तुमच्या मुलाच्या मुंजीला किंवा भाचीच्या लग्नाला ते आले नाहीत तर रुसू नका. आमंत्रण मात्र द्या, यायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. मुलगा अकरा महिने कद्दीश म्हणायला जात असतो. त्या काळात कधीतरी सकाळी गाडीने सोडतो म्हणालात तर त्याला बरं वाटेल.

सात दिवसांत जायला जमलं नाही तर महिन्याच्या आत जा, तेही जमलं नाही तर वर्षभरात भेटाल तेव्हा त्या माणसाचं नाव काढा. आठव्या दिवसापासून घर रिकामं होतं. काकूंची मुलगी म्हणाली होती, पहिल्या आठवड्यात घरात बसायला जागा नव्हती आणि दुसऱ्या आठवड्यात फोनसुद्धा वाजला नाही.

वर्षश्राद्धासारखा दिवस त्यांच्यातही असतो, आणि तो इंग्रजी तारखेने नव्हे तर हिब्रू पंचांगाने येतो. तेही आपल्यासारखंच चांद्र महिन्यांचं पंचांग आहे. आपल्या अधिक मासासारखा त्यात 19 वर्षांत सात वेळा जादा महिना धरतात. त्यामुळे तिथीसारखा हा दिवसही दरवर्षी पुढे-मागे सरकतो. त्या दिवशी घरात दिवा लावतात, कद्दीश म्हणतात. काकांचा दिवस कुठल्या तारखेला येतो ते मी दर जानेवारीत ताईला विचारून घेते आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवते. दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून मी आदल्या संध्याकाळी फोन करते. ती दिवा लावत असते. कधी आम्ही बोलतो, कधी दोघी नुसत्याच फोन धरून बसतो.